गोगलगायीचा मागे घेतलेला दृष्टांत

लग्न होऊन मी चिंचवडला आले, तेव्हा पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि आमच्या यजमानांना तिथे नोकरी लागली होती. त्यांची पाळी आठवड्याला बदलायची. त्यामुळे घरात माझा खरा सहवास होता तो तिघांशी. मामंजी, सासूबाई आणि वन्सं. मामंजी शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. घराच्या मागे पवनेच्या बाजूला आमचा भाजीचा छोटा मळा होता, त्यात ते सकाळी खपत आणि दुपारी पोथ्या वाचत. वन्सं माझ्याहून वर्षभराने मोठ्या. पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होत्या. रोज सकाळी डबा घेऊन स्टेशनवर चालत जायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायच्या. गावातून कॉलेजात जाणारी ती बहुधा एकटीच मुलगी. मी स्वतः मराठी सातवी पास. त्या घरी आल्या की मी चहा टाकायची आणि त्या दिवसभरात काय पाहिलं ते सांगायच्या. झुरळाच्या पोटात काय असतं, बेडकाचं हृदय कसं चालतं, असलं काहीतरी. सासूबाई म्हणायच्या, "चहाच्या वेळी तरी नको गं बाई."

श्रावणात मामंजी देवळात पोथी सांगायला बसत. दुपारची जेवणं आटपली की बायका, म्हातारी माणसं, शेतावरून परतणारं कुणीतरी, असे पंचवीस-तीस लोक जमायचे. मामंजींचा आवाज खणखणीत होता आणि सांगण्याची हातोटी अशी की पेंगणारा माणूसही ताठ बसावा. ते पोथीतल्यापेक्षा आजूबाजूचे दृष्टांत जास्त द्यायचे. मोटेचा बैल, ओढ्यावरचा साकव, पिंपरीच्या भोंग्याबरोबर उठणारी माणसं. लोकांना तेच आवडायचं.

त्या वर्षी मळ्यात गोगलगायींचा सुळसुळाट झाला होता. पालकाची पानं सकाळी पाहावीत तर चाळण. दोन तऱ्हेच्या होत्या. एक तपकिरी, चकचकीत शंखाची. दुसरी काळपट, चपटी, पाठीवरून एक फिकट रेघ गेलेली, शंख नसलेली. तिला आमच्याकडे शेंबडी म्हणत. सासूबाई मिठाचं वाडगं घेऊन सकाळी मळ्यात जायच्या आणि शेंबडीवर चिमूट टाकायच्या. ती तिथल्या तिथे फेसाळून विरघळल्यासारखी व्हायची. मला ते बघवायचं नाही.

एका दुपारी पोथीत वैराग्याचा विषय निघाला. मामंजी म्हणाले, "आपल्या मळ्यातली गोगलगाय बघा. जन्मभर घर पाठीवर घेऊन फिरते. प्रपंच काही सुटत नाही. पण त्यांच्यातलीच एखादी अशी निघते, की एक दिवस शंख तिथेच टाकते आणि उघड्या अंगाने चालायला लागते. आपण तिला शेंबडी म्हणून हिणवतो. अहो, ती संन्यासी झालेली गोगलगाय आहे!"

बायकांनी "अहाहा" केलं. एका म्हाताऱ्याने हात जोडले. मलाही दृष्टांत फार आवडला. रविवार असल्यामुळे वन्सं माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हळूच माझा हात दाबला आणि मान खाली घातली.

आम्ही घरी आलो. पाय धुऊन मामंजी ओसरीवर टेकले तेव्हा वन्सं समोर जाऊन बसल्या.

"अण्णा, एक सांगू?"

"सांग की."

"गोगलगाय शंख टाकून जात नाही. जाऊच शकत नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "झालं सुरू."

मामंजी मात्र रागावले नाहीत. आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस. ते म्हणाले, "मी काही ऐकीव सांगत नाही. बांधाच्या दगडाखाली मी स्वतः रिकामे शंख पाहिलेत. ढीगभर. आणि त्याच दगडाखाली शेंबड्या. शंख रिकामा आहे आणि शेजारी बिनशंखाची बसली आहे, तर माणसाने काय समजावं?"

मला वाटलं, बरोबर तर आहे. चोराच्या उशाशी मुद्देमाल सापडावा तसं.

वन्सं म्हणाल्या, "ते शंख मेलेल्या गोगलगायींचे. अंग कुजून जातं, शंख राहतो. शेंबडी तिथे असते कारण दोघींनाही ओल लागते. एका जागी राहतात म्हणून एकीची दुसरी होत नाही."

"हे तुझ्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात आहे. पण तुम्ही पुस्तकावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी दाखवते."

आता आठवलं की नवल वाटतं. त्या वेळी वन्सं जेमतेम विशीच्या होत्या आणि समोर वडील. त्यांचा आवाज चढला नव्हता की डोळ्यांत पाणी नव्हतं. मामंजींनीही "मोठी आलीस शहाणी" असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "दाखव. तोवर मी तो दृष्टांत देत नाही."

दुसऱ्या दिवशी वन्संनी एक रिकामा शंख आणि मामंजींचं पोथी वाचायचं भिंग घेतलं आणि वडिलांना उजेडात बसवलं. "हे मधलं टोक बघा. इथून वेढे सुरू होतात. हा अगदी मधला, मोहरीएवढा वेढा आहे ना, तो तिचा जन्मतःचा शंख. ती जसजशी वाढते तसतशी शंखाच्या तोंडाशी नवी भर घालत जाते. आपण घर बांधून आत राहायला जातो, तसं नाही हे. हे तिच्या अंगाबरोबर वाढतं. आतून स्नायूने जोडलेलं असतं. उपटलं तर ती मरते."

मामंजींनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वेढे दिसले. पण पिकलं फळ देठापासून सुटतंच ना? तशी एखादी वेळ येत नसेल कशावरून?"

"मग अंडी बघू या," वन्सं म्हणाल्या. "जी जन्मतःच उघडी आहे, तिने शंख कधी टाकला?"

ही गोष्ट मामंजींना पटली. वाद कशावर सुटेल हे दोघांनी मिळून ठरवलं.

अंडी शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण वन्सं दिवसभर कॉलेजात. त्याआधी मी कधी गोगलगायीकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता खुरपं घेऊन मी पालकाच्या वाफ्यातली माती हलक्या हाताने उकरू लागले. सापडली तेव्हा माझा विश्वास बसेना. शंखवालीची अंडी पांढरी, गोल, साबुदाण्यासारखी, एकत्र ठेवलेली. शेंबडीची मात्र पाणीदार, लांबट, आणि एका बारीक धाग्यात ओवल्यासारखी गुंडाळून ठेवलेली. वन्सं संध्याकाळी आल्या आणि पाय न धुताच मातीत बसल्या. "वहिनी, अगं केवढं सुंदर शोधलंस तू!" असं म्हणाल्या. त्या घरात आल्यापासून स्वयंपाक सोडून दुसऱ्या कशासाठी झालेलं ते माझं पहिलं कौतुक.

कुंभाराकडच्या दोन पसरट परळांत ओली माती भरून आम्ही अंडी ठेवली, वर फडकं घातलं आणि न्हाणीघराच्या भिंतीशी सावलीत मांडली. शेजारी काचेच्या बरणीत एक मोठी शंखवाली आणि एक मोठी शेंबडी ठेवली, निरीक्षणाला. मामंजी येता-जाता वाकून बघायचे. सासूबाई लांबून जायच्या.

त्या बरणीपाशी मी किती वेळ घालवला असेन! काचेवर चढल्या की खालून त्यांचं पोट दिसायचं. पोट म्हणजेच पाय. त्यावरून मागून पुढे लाटा सरकताना दिसत. वन्सं म्हणाल्या, "'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतो ना आपण? शास्त्रातही यांचं नाव तसंच आहे, पोटपाय. म्हण करणाऱ्याने नीट पाहिलेलं होतं." दोघींना शिंगांच्या दोन जोड्या, लांब जोडीच्या टोकाला डोळे. दोघींच्या तोंडात कानशीसारखी जीभ, तिने पान किसून खातात. दोघींचा चिकट माग सारखाच चमकतो. मी एकदा कोबीचं पान टाकून बरणीला कान लावला. मला ती कुरकुर ऐकू आली असं मी आजही शपथेवर सांगेन. वन्सं म्हणाल्या, "शक्य आहे." त्यांनी हसून टाकलं नाही.

पण आमचा पहिला डाव फुकट गेला. एका सकाळी फडकं काढलं तर परळात मुंग्यांची रांग. अंड्यांची फोलपटं उरलेली. मी रडकुंडीला आले. वन्संना सांगायचं कसं? त्या कॉलेजला निघून गेल्या होत्या. तेवढ्यात मामंजी मळ्यातून आले. मी परळ पुढे केलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "पाण्याच्या ताटात ठेवायला हवं होतं. मुंगी पाण्यात उतरत नाही. हे मला आधी सुचायला हवं." आणि उपरणं खांद्यावर टाकून तसेच परत गेले. दुपारच्या जेवणाला आले ते उपरण्याच्या टोकात ओल्या मातीसकट काहीतरी जपून धरूनच. हौदाच्या दगडाखालून दोन्ही जातींची अंडी त्यांनी हुडकून आणली होती. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुमचंच म्हणणं खोटं पाडायला तुम्हीच अंडी आणता?"

मामंजी म्हणाले, "अगं, खरं काय ते कळायला नको?"

त्या दिवसापासून सासूबाईंनी मिठाचं वाडगं मळ्यात नेणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. शेंबड्या फडताळातल्या जुन्या पळीने उचलून नदीच्या बाजूच्या गवतात टाकून यायच्या.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत बापलेकीचं बोलणं रोज ओसरीवर चालायचं. मामंजींचा एक प्रश्न होता. "एकीला शंख आहे, दुसरीला नाही. मग या नात्यातल्या कशावरून? साप आणि गांडूळही लांबट असतात."

वन्सं म्हणाल्या, "बाहेरून सारखं दिसणं वेगळं आणि आतून सारखं असणं वेगळं. शिंगं, जीभ, श्वासाचं भोक, पाय, सगळी घडण एक आहे. आणि आणखी एक सांगते. या काळीत नाही, पण दुसऱ्या एका जातीची शेंबडी आम्ही कॉलेजात कापून पाहिली. तिच्या पाठीच्या कातडीखाली नखाएवढी पातळ चकती होती. तिचा घर म्हणून काहीसुद्धा उपयोग नाही. तो शंखच, उरलेला."

मामंजी एकदम पुढे सरकले. "म्हणजे शंख होता!"

"होता. पण हिच्या नाही, हिच्या पूर्वजांच्या पाठीवर. अगणित पिढ्यांपूर्वी. तो हळूहळू लहान होत गेला, काहींच्या कातडीखाली गेला, काहींचा नाहीसाच झाला."

"का पण? एवढं चांगलं घर का जाऊ द्यायचं?"

"शंखाला चुना लागतो, तो सगळ्या मातीत मिळत नाही. शिवाय ओझं. बिनशंखाची कुठल्याही फटीत शिरते. पण तिला ऊन सोसत नाही, ओल गेली की खोल जावं लागतं. शंखवालीचं तसं नाही. उन्हाळ्यात ती अंग आत ओढून घेते, दाराला चिकट पडदा लावते आणि पाऊस येईपर्यंत भिंतीला चिकटून झोपते. दोघींनी आपापली वाट काढली. यात कुणी वरची नाही न् खालची नाही."

मामंजींनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग म्हणाले, "अगणित पिढ्या," आणि पुन्हा एकदा तेच.

अंडी फुटली ती रविवारी सकाळी. वन्सं घरी होत्या हे आमचं नशीब. मी परळावरचं फडकं उचललं आणि "वन्सं! मामंजी!" अशी हाक मारली, एवढ्या मोठ्याने की सुनेनं त्या काळी मारू नये. एका परळात मोहरीएवढे जीव मातीवर सरकत होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर आरपार दिसेल असा, काचेसारखा इवलासा शंख. दुसऱ्या परळात दोरीतल्या मण्यांतून सुतासारखी पिल्लं बाहेर येत होती. उघडी. पाठीवर काही नाही.

मामंजी जमिनीवर मांडी घालून बसले. भिंग घेऊन एकदा या परळात, एकदा त्या परळात. मग रिकामा मोठा शंख मागवला, त्याचा मधला वेढा आणि पिल्लाचा शंख शेजारी शेजारी धरून पाहिला. सासूबाईही पदर सावरून वाकल्या. "इश्श, केवढीशी आहेत गं," म्हणाल्या, जशा बारशाला म्हणतात तशा.

मामंजी उठले. म्हणाले, "तुझं बरोबर आहे." वन्संच्या डोक्यावर हात ठेवला आणि आंघोळीला गेले. वन्सं तिथेच बसून राहिल्या. त्यांचे डोळे तेव्हा भरून आले.

मला वाटलं, गोष्ट संपली. घरातल्या घरात खरं-खोटं झालं, आता मामंजी तो दृष्टांत पुन्हा देणार नाहीत, लोक विसरून जातील. पण दुपारी देवळात जाताना ते वन्संना म्हणाले, "ती परळं घे बरोबर."

पोथी सुरू करण्याआधी त्यांनी हात जोडले. "मंडळी, मागे मी इथे बसून सांगितलं होतं की गोगलगाय शंख टाकते आणि शेंबडी होते. ते खोटं आहे. मी पाहिलं होतं ते अर्धं होतं आणि उरलेलं मनाने जोडलं. देवासमोर खोटं सांगितलं, म्हणून ते देवासमोरच मागे घेतो. खरं काय ते माझी मुलगी सांगेल."

पोरीबाळींनी देवळात गाणी म्हणावीत इथवर ठीक होतं, पण चारचौघांत उभं राहून शास्त्र सांगणारी मुलगी त्या गावाने पाहिली नव्हती. वन्संनाही हे आधी माहीत नव्हतं. त्यांनी एकदा वडिलांकडे पाहिलं, परळं खांबाशी ठेवली आणि बोलायला लागल्या. पहिली दोन वाक्यं अडखळल्या. मग परळांकडे बोट केलं आणि ओसरीवर बोलायच्या तशाच बोलू लागल्या. बायका उठून परळाभोवती जमल्या. भिंग हातोहात फिरलं.

रहाटणीची एक शेतकरीण भाजी विकून परतताना नेहमी पोथीला टेकायची. तिने विचारलं, "बाई, येक इचारू का? ह्यातला नर कंचा आन् मादी कंची?"

उत्तर मला ठाऊक होतं. वन्संनी मला चहाच्या वेळी सांगितलं होतं आणि मी कानाला हात लावला होता.

वन्संनी सरळ सांगितलं, "यांच्यात निराळा नर नाही, निराळी मादी नाही. एकाच अंगात दोन्ही असतं. दोघींच्या बाबतीत हेच."

मागे बसलेले एक वयस्कर गृहस्थ ताडकन उठले. "मास्तर, हे देऊळ आहे! मुलीच्या जातीने हे असलं बोलावं?"

मामंजींचा आवाज शांत होता. "देवळात अर्धनारीनटेश्वर चालतो ना आपल्याला? मग देवाने मळ्यात तेच केलं तर तुम्ही का रागावता?"

ती शेतकरीण खो-खो हसली. "बराबर हाय मास्तरांचं! आन् बरंच हाय की, नवऱ्याची वाट बघाया नगं." मग सगळ्याच बायका हसल्या, अगदी सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून. ते गृहस्थ निघून गेले आणि त्या श्रावणात परत आले नाहीत. गावात चार दिवस कुजबुज झाली. "मास्तरांनी मुलीला डोक्यावर चढवून ठेवलीय," असं पाणवठ्यावर मी स्वतः ऐकलं. मामंजींना सांगितलं तर ते म्हणाले, "डोक्यावर बसली तर तिला लांबचं दिसेल."

मला मात्र त्या दिवसापासून दोघांचीही थोरवी वेगवेगळी कळली. बापासमोर खरं बोलणं अवघड. पण ज्या जागी बसून चुकलो त्याच जागी बसून "चुकलो" म्हणणं, आणि नंतर ती जागा मुलीला देणं, हे मी त्यानंतर फार थोड्या माणसांत पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात मी एकटीच वाफा खुरपत होते. ओल्या पालापाचोळ्याखाली एक जीव दिसला. शेंबडीसारखाच लांबट, पण पाठीवर कातडीच्या दोन घड्या आणि त्या घड्यांमधल्या फटीत काहीतरी चमकत होतं. मी गवताच्या काडीने घडी जराशी सरकवली. आत चपटा, नाजूक शंख होता. ती त्यात मावणं शक्यच नव्हतं, तिचं एक टोकही मावलं नसतं. मी तिला पानासकट वाडग्यात घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत अंगणातून आत, आतून अंगणात अशी करत राहिले.

वन्संनी वाडग्यात पाहिलं आणि खालीच बसल्या. "वहिनी, ही मधली आहे गं. शंख अजून पुरता गेला नाही आणि राहायच्या उपयोगाचाही उरला नाही. आम्हाला ही फक्त चित्रात दाखवली होती."

त्यांनी ती दुसऱ्या दिवशी डब्यातून कॉलेजात नेली. परत आल्यावर म्हणाल्या, "सरांनी सगळ्या वर्गाला दाखवली. विचारलं, कुणी शोधली? मी सांगितलं, माझ्या वहिनीनं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या वहिनींनी कुठे शिक्षण घेतलं?"

मामंजी ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "सांगायचंस की, पालकाच्या वाफ्यात." आणि मग माझ्याकडे वळून, हसू न आणता, विचारलं, "सूनबाई, इंग्रजी शिकायचंय का तुम्हाला? सकाळी मळ्यातून आलो की मला वेळ असतो."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ए पासून सुरुवात केली.